नामदारांच्या घरचे सुतक

गिरगाव, रविवार, ४ ऑगस्ट १८९५

काल आपल्याला गेलेले पत्र माझ्या अक्षरात आहे, पण मजकूर मामंजींचा आहे. रघूचा ताप उतरणीला लागला, काळजी नसावी, असे त्यात लिहिले आहे. रघू शुक्रवारी दुपारी गेला.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. आपल्याला खोटे लिहिल्यावर खरे कुठेतरी असावे, म्हणून लिहिते. यावर श्री घातलेली नाही. कालच्या पत्रावर घालावी लागली, कारण ती नसती तर मरणाचे पत्र म्हणून आपण उघडताक्षणीच ओळखले असते.

गुरुवारी डॉक्टर येऊन गेले. मुदतीचा ताप आहे, आता दोन दिवस जपायचे, एवढेच म्हणाले. शुक्रवारी सकाळी रघू चांगला शुद्धीवर होता. मला ओळखले, पाणी मागितले. मग विचारले, "बाबांची सभा झाली का?" मी म्हटले, नाही अजून, येत्या गुरुवारी आहे. तो म्हणाला, "मग गुरुवारनंतर येतील." त्यानंतर तो नीटसे काही बोलला नाही.

हरेश्वर भाऊजींनी सोनापूरच्या स्मशानात सगळे केले. परत आल्यावर अंघोळ करून त्यांनी तारऑफिसात जायला टोपी घेतली, तेव्हा मामंजी ओटीवरून म्हणाले, "तार करायची नाही."

भाऊजींना ते नीट ऐकू आले नाही असे वाटले, म्हणून ते थांबले. मामंजींनी पुन्हा तेच सांगितले. त्यांचे म्हणणे असे की, तार पुण्यात पोचली की आपण तिथल्या तिथे स्नान करून पहिल्या गाडीने निघाल. मुंज झालेला मुलगा, म्हणजे पुरे दहा दिवसांचे सुतक. सुतकात कौन्सिलात जाऊन बसलात तर पुण्याची माणसे आपल्याला वाळीत टाकतील, आणि न बसलात तर बिलावरची आपली दुरुस्ती गेली. दुरुस्ती ज्याच्या नावावर, त्यानेच उभे राहून ती मांडायची असते. तो गैरहजर असला की ती आपोआप पडते. पण माणसाला कळले नाही तोवर त्याला सुतक नाही. शास्त्रच तसे आहे. गुरुवारी बैठक झाली की शुक्रवारी आपण घरी, आणि दहाव्याला आपणच बसाल.

मी मामंजींसमोर कधी तोंड उघडलेले नाही. त्या दिवशी दाराआडून विचारले, त्यांना रजा मिळणार नाही का? मामंजींनी कलेक्टरच्या कचेरीत जन्म काढला. हक्काची रजा, आजाराची रजा, विलायतेला जाणाऱ्या साहेबाची रजा, सगळे त्यांना पाठ. लोक अजूनही विचारायला येतात. ते म्हणाले, "सुभद्रे, नामदाराला पगार नाही, म्हणून रजाही नाही. दोन महिने काम करता आले नाही तर जागा रिकामी झाली असे गव्हर्नरसाहेब जाहीर करू शकतात, एवढेच कायद्यात आहे. दोन महिन्यांच्या आत घरात कोणी मेले तर काय करायचे, ते कोणी लिहिलेलेच नाही."

भाऊजी म्हणाले की, रघूहून मोठे काही नाही. मामंजी म्हणाले, "मला काय दुसरा नातू आहे?"

आपण त्यांना कठोर समजू नये. शुक्रवारपासून त्यांनी पेजेखेरीज काही घेतलेले नाही. पत्र सांगताना "ताप उतरणीला लागला" या शब्दांवर ते थांबले, आणि मला वाटले आता पुढे सांगणार नाहीत. पण सांगितले.

गिरगाव, मंगळवार, ६ ऑगस्ट

आपले पत्र आज आले. रघूने गणित सोडू नये, अंथरुणात बसून निदान तोंडी हिशेब करावेत, आणि आपण आल्यावर परीक्षा घेऊ, असे आपण लिहिले आहे. मामंजींनी ते मला मोठ्याने वाचायला सांगितले. मी वाचले. आज उत्तर गेले की, हिशेब करतो आहे.

आळीत सर्वांना ठाऊक आहे. ते लपवणे शक्यच नव्हते. भाऊजींनी दोन छापखान्यांत जाऊन बातमी इतक्यात छापू नये अशी विनंती केली, आणि दोघांनीही मानली. पण बायकांचे तोंड कोण धरणार? शेजारच्या रमाबाई काल मागच्या दाराशी आल्या. सुतकाच्या घराला शिवू नये म्हणून लांब उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नामदारांच्या घरी मरणसुद्धा बिल पास झाल्याशिवाय खरं होत नाही का हो?" त्यांना वाईट बोलायचे होते असे नाही. बोलल्यावर पदराने डोळे पुसायला लागल्या.

वरळीचे लहू पाटील सकाळी आले होते. कोळीवाड्याची नारळी पौर्णिमा काल झाली, आज ते पुण्याला निघाले. बैठकीच्या दिवशी कोळीवाड्यातल्या घरांचे काय ठरते ते दाराशी उभे राहून तरी ऐकायचे, असे त्यांच्या मनात आहे. आपल्या पुण्याच्या बिऱ्हाडाचा पत्ता त्यांना हवा होता. मामंजी तेव्हा आत पडले होते. भाऊजींनी अंगणात जाऊन पत्ता सांगितला. लहू पाटलांनी कोपऱ्यातला दिवा पाहिला, भाऊजींचे मुंडलेले डोके पाहिले, हात जोडले आणि गेले. तिकडे बोलू नका, हे सांगायचे भाऊजींना सुचले नाही. ते गेल्यावर लक्षात आले. मामंजींना हे कळवलेले नाही.

खरे सांगते, भाऊजी विसरले म्हणून मला बरे वाटले.

मला त्या बिलातले फार कळते असे नाही. आपण माजघरात फेऱ्या घालत भाषण म्हणत होता त्यावरून जेवढे कळले तेवढेच. रस्त्यांसाठी वरळीकडच्या जुन्या वस्त्या हलवायच्या, आणि आठ दिवसांची नोटीस दिली की घर पाडता येईल, असे सरकारचे म्हणणे. नोटीस तीन महिन्यांची असावी आणि पावसाळ्यात कोणाचेच घर पाडू नये, हे आपले म्हणणे. आपल्या मागे रघूही फेऱ्या घालायचा, हात तसेच पाठीमागे बांधून, आणि आपण वळलात की पळायचा. हे आपण पाहिले नव्हते. पाहिले असतेत तर रागावला असता, म्हणून मी सांगितले नाही.

गिरगाव, गुरुवार, ८ ऑगस्ट

आज बैठक झाली नाही. दुपारी आपली तार आली. सोमवारवर गेली, तोवर पुण्यातच राहणे भाग, एवढेच तीत होते. संध्याकाळी भाऊजी बाहेरून कारण काढून आले. बिल ज्या साहेबांच्या हाती आहे त्यांना सर्दी होऊन घसा बसला आहे.

भाऊजी ओटीवर मोठ्याने हसले. मला त्या हसण्याची भीती वाटली. म्हणाले, "अप्पा, साहेबाच्या घशाला रजा मिळाली बघा. अख्खं कौन्सिल थांबलं."

रविवारी दहावा दिवस आहे. सोमवारी बैठक. म्हणजे मामंजींनी जे म्हटले होते की दहाव्याला आपणच बसाल, ते आता होणार नाही. मी पुन्हा दाराशी गेले. म्हटले, आता तरी कळवा, रविवारी त्यांना मुलाचे करू द्या. मामंजी म्हणाले, दहाव्याला बसलेला माणूस अकरावा, बारावा, तेरावा टाकून सोमवारी पुण्यात उभा कसा राहील? मी म्हटले, नाही राहिले तर नाही. असे मी मामंजींना म्हटले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागावले नाहीत. "वरळीला तीनशे घरं आहेत," एवढेच म्हणाले, आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

भाऊजींना मी तार करायला सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, अप्पांच्या शब्दाबाहेर मी आजवर गेलो नाही. या घरात ते दादालाच जमत होतं."

गिरगाव, शुक्रवार, ९ ऑगस्ट

आपले बुधवारी लिहिलेले पत्र आज हाती आले. रघूला झोपू द्यावे, कोणी हाक मारून उठवू नये, हिशेबाचे राहू द्या, असे आपण लिहिले आहे. आपण त्याला इतके सैल कधी सोडत नाही. आजारपण लांबले म्हणून काळजी वाटली असेल असे मी समजले.

मामंजींच्या सांगण्यावरून उत्तर लिहिले. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, मी वाचून दाखवते तेवढेच. आज मी दोन गोष्टी त्यांना न सांगता केल्या. पत्राच्या वर श्री घातली नाही. आणि शेवटी एक ओळ माझी लिहिली: "काहीही करून रविवारी सकाळी एक दिवस घरी यावे." ती वाचून दाखवली नाही. पाकीट बंद करून भाऊजींच्या हाती दिले.

रघू गेला असे मी लिहिले नाही. मामंजींचा शब्द तेवढा पाळला. पण आपण ते पत्र उघडाल आणि आपल्याला कळेल. कळायलाच हवे. शनिवारी सकाळी पोचेल, दुपारच्या गाडीने निघालात तर रात्री घरी.

गिरगाव, रविवार, ११ ऑगस्ट

आपण आला नाहीत.

काल रात्री घोडागाडी वाजली की मी उठत होते. आज सकाळी भाऊजी बाणगंगेला गेले. मामंजींनी बरोबर जायचा हट्ट धरला, पण पायऱ्या उतरवेनात, म्हणून वरच बसून राहिले. सर्व यथासांग झाले असे भाऊजी म्हणाले. मी विचारले, कावळा शिवायला वेळ लागला का? ते म्हणाले, थोडा लागला. मग म्हणाले, फार लागला, वहिनी, शेवटी दादाचं नाव घेऊन मीच सांगितलं की तो येईल. तेव्हा कुठे झालं.

आपले पत्र दुपारी आले. काल माझे मिळाल्याबरोबर लिहिलेले दिसते. वर श्री आहे. रविवारी येणे होत नाही, सोमवारची तयारी आहे, मंगळवारी नक्की येतो, तोवर धीर धरावा, रघूच्या अंगावर पांघरूण असू द्यावे, इकडे फार गारठा आहे, तिकडेही असेल.

इकडे गारठा नव्हता. घामाच्या धारा लागल्या होत्या.

आपल्या लक्षात आले नाही असे मी धरले. माणूस भाषणाच्या विचारात असला की पत्राचा माथा कोण पाहतो, असे मनाशी म्हटले. आपल्यावर रागवायचे नाही असेही ठरवले, कारण ज्याला ठाऊक नाही त्याच्यावर काय रागवायचे.

गिरगाव, बुधवार, १४ ऑगस्ट

आपण पलीकडच्या खोलीत आहात आणि मी इकडे लिहिते आहे. आमचे सुतक फिटले, आपले काल सुरू झाले. दहा दिवसांनंतर कळले म्हणून आपल्याला तीनच रात्रींचे. तोवर आपण वेगळे बसणार, कोणाला शिवणार नाही. ताट मी उंबऱ्याशी ठेवते आणि मागे होते. आपण खाली पाहून जेवता.

काल आपण गाडीतून उतरलात तेव्हा मामंजी ओटीवर उभे होते. त्यांनी आपल्याला पायरीवरच थांबवले. बसायला सांगितले नाही. "जयवंता, तुझा रघू गेला. शुक्रवार, दोन तारीख," असे एका दमात म्हणाले, पाठ केल्यासारखे. आपण खांब धरून खाली बसलात. मग विहिरीवर गेलात. सगळे जसे व्हायला पाहिजे तसे झाले.

तीन महिन्यांची नोटीस नामंजूर झाली. पावसाळ्यात घर पाडू नये हे मात्र मान्य झाले. आपण मामंजींना सांगत होता ते मी आतून ऐकले. मामंजी म्हणाले, "मग फुकट गेलं नाही." मलाही तेव्हा तसेच वाटले की, फुकट गेले नाही. तेवढ्यावर मी उभी राहू शकले असते.

दादर, मंगळवार, २७ ऑगस्ट

आपले पत्र पोचले. गुरुवारी गाडी पाठवतो, तयार राहावे, असे आपण लिहिले आहे. मी माझ्या दादाकडे, माहेरी, चार दिवसांसाठी म्हणून आले होते. या घराभोवती माड आहेत, माणसे थोडी आहेत, आणि वहिनी काही विचारत नाही, म्हणून राहिले. दादाला वाटते मी रघूसाठी राहिले आहे. ते खरे आहे, पण तेवढेच नाही.

मी निघाले त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, आपले तीन दिवस सरले आणि आपण मामंजींना घेऊन बाहेर गेला होता. तेव्हा लहू पाटील आले. बसा म्हटले तर बसेनात. अंगणातच उभे राहून म्हणाले, "बाय, सायबाचे उपकार आमी कसे फेडू? या पावसात आमचे घराला कोन हात नाय लावनार. पोराचा आयकून पन सायेब आमचेसाठी उभे रायले."

मी म्हटले, त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते, इथे आल्यावर कळले.

ते म्हणाले, "नाय बाय. मीच सांगितला, बुधवारी. मना वाटला, ठावं असेल."

मग त्यांनी सगळे सांगितले. त्यांच्या मनात काही लपवायचे नव्हते, उलट अभिमान होता. ऐकल्यावर आपण उठलात, मागच्या आडावर गेलात आणि अंगावरच्या कोटासकट डोक्यावर पाणी ओतून घेतलेत. घागर उतरून ठेवायला लहू पाटील पुढे झाले तर त्यांना हाताने दूर केलेत. तसेच ओले परत येऊन त्यांना म्हणालात, "लहू, तू मला काही सांगितलं नाहीस." त्यांनी बैठक होईपर्यंत शब्द पाळला. आता झाले, म्हणून मला सांगायला आले की, माझा नवरा किती मोठा माणूस आहे. सांगताना ते रडले. मला रडू आले नाही.

ते गेल्यावर मी आपली पत्रे काढून पुन्हा वाचली. बुधवारच्या आधीचे एक, त्यात हिशेब आहेत. बुधवारनंतरच्या दोन्हींत झोप आहे आणि पांघरूण आहे. मला त्याच वेळी कळायला हवे होते.

आपल्याला दोष देत नाही असे लिहिणार होते. ते खरे नाही, म्हणून लिहीत नाही. पण तो दोष कशाचा, ते आपण नीट समजून घ्यावे. आपण सोमवारी उभे राहिलात याचा नाही. वरळीच्या बायका आज आपापल्या घरात कोरड्या बसल्या आहेत, आणि ते कमी आहे असे मी कुणालाही म्हणू देणार नाही. मामंजींनी लपवले ते त्यांनी माझ्यासमोर लपवले, माझ्या हाताने लपवले. त्यांचे दुःख मला दिसत होते.

आपण मात्र ते माझ्यापासून लपवलेत. बुधवारपासून आपल्याला ठाऊक होते. मी श्री न घालता पत्र पाठवले, ते आपण उघडले, मी काय सांगते आहे ते आपल्याला कळले, आणि आपण श्री घालून उत्तर पाठवलेत. त्याला पांघरूण घाला म्हणून. मी त्या पत्राला उत्तर लिहिले असते तर पांघरूण घातले आहे असे लिहिले असते. आपल्या दोघांच्याही पत्रांत तो जिवंत होता. आपल्या दोघांनाही तो गेल्याचे ठाऊक होते. आणि ते सगळे दिवस मी या जगात एकटीच त्याची आई आहे, बाप अजून कोणी झालेलाच नाही, असे समजून मी वावरत होते.

आपण एक ओळ लिहिली असती, मला कळले आहे, कोणाला दाखवू नको, तर मी ती चुलीत घातली असती. मामंजींना कळले नसते, पुण्यात कळले नसते. आपल्या दुरुस्तीला काही झाले नसते.

मंगळवारी पायरीवर आपण खांब धरून बसलात ते खोटे होते असे मी म्हणत नाही. पण ते पहिले नव्हते. पहिल्या वेळी आपण काय केलेत ते मला ठाऊक नाही. लहू पाटलांनाही ठाऊक नाही. त्यांना आपण परत पाठवलेत आणि दार लावून घेतलेत, एवढेच ते सांगतात.

सोबत त्या दिवसांतली माझी पत्रे बांधून पाठवते. ती वाचल्यावर माझ्याकडून आपल्याला सांगायचे काही राहणार नाही.

मला ते दार लावल्यानंतरचे हवे आहे. संध्याकाळपर्यंत आपण काय केलेत, बसलात की निजलात, त्याचे नाव घेतलेत की नाही. लिहून पाठवू नये. लिहिलेल्यावर माझा विश्वास राहिलेला नाही, माझ्या स्वतःच्या अक्षरावरही नाही. समोर बसून, तोंडाने सांगावे. सांगणार असाल तर गुरुवारी गाडीत आपण स्वतः यावे. नुसती गाडी आली तर मी गाडीवानाला पाणी देईन आणि ती रिकामी परत पाठवीन.

सुभद्रा